आखूड नळी

बापाचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हाच लेकीने मनाशी ठरवलं, आता ब्रश पुरे. सुतारकाम बापाचं, घासकाम तिचं आणि शेवटचा लॅकरचा हात पुन्हा बापाचा, अशी त्यांच्या कारखान्यातली वाटणी. कारखाना म्हणजे तरी काय, पुढे पत्र्याची शेड आणि मागे एक खोली. पण त्या शेवटच्या हातावरच गिऱ्हाईक भाळायचं आणि तोच हात आता दगा देत होता. बापाने हे कबूल करणं शक्यच नव्हतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असला माणूस.

म्हणून ती एकटीच स्प्रेचं यंत्र बघायला गेली. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक मोठा कॉम्प्रेसर आणि त्याची गन. काम फर्मास, पण निम्मं लॅकर हवेत जायचं आणि आवाज असा, की शेजारी दुसऱ्याच दिवशी भांडायला यावेत. दुसरं एअरलेस. ते भिंती रंगवणाऱ्यांचं, खुर्चीच्या पायासाठी ते आणणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. तिसरं टर्बाइनचं. बादलीएवढी मोटर, तिला एक नळी आणि पुढे हलकीशी गन. लॅकर कमी उडतं, थकल्या हातालाही झेपतं. तिने तेच उचललं.

"एक सांगतो ताई," दुकानदार म्हणाला, "मोटर खोलीच्या बाहेर ठेवायची. आत ठिणग्या उडतात तिच्या. लॅकरातल्या थिनरची वाफ कोंडली आणि मोटर तिथेच असली, तर मग काही खरं नाही. लांब नळी घ्या."

"द्या मग."

"ती संपलीय हो. पुढच्या आठवड्यात येईल. तोवर ही आखूड लावा आणि दार उघडं ठेवा."

थांबायला हवं होतं. पण घाई माणसाला आंधळं करते आणि वर शहाणपणाचा आव आणते. मोटर दारात ठेवू, हवा खेळती राहील, असं तिने स्वतःला समजावलं आणि यंत्र घेऊन आली.

बापाने आधी नाक मुरडलं, मग गन हातात घेतली आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. "बरंय तुझं हे फुसफुस," एवढंच बोलला. त्याच्याकडून ही शाबासकीच होती. पहिलं काम जेवणाच्या टेबलाचं. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, मोटर उंबऱ्यावर, लॅकर आरशासारखं बसलं. लेकीला किती दिवसांनी हलकं वाटलं.

टेबल परत आलं. गिऱ्हाइकाने शेडमध्ये उतरवलं आणि म्हणालं, "हात फिरवून बघा." बापाने बोट फिरवलं. रस्त्यावरची धूळ ओल्या लॅकरवर बसून रव्यासारखी वाळली होती. त्याचं काम आजवर कधी परत आलं नव्हतं. त्या रात्री तो जेवला नाही. त्याचं ते भरलेलं ताट तिला शिव्यांपेक्षा झोंबलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या दिवशी बाप मागच्या खोलीच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकताना दिसला. ही त्याची जुनी रीत होती. ब्रशने पॉलिश मारायच्या आधी तो खोली बंद करायचा, फटींत ओल्या चिंध्या कोंबायचा, जमिनीवर पाणी शिंपडायचा आणि कोणी दार उघडून धूळ आत सोडू नये म्हणून आतून कडी घालायचा. ब्रश होता तोवर फार तर डोकं दुखायचं.

"बाबा, स्प्रेला हे नाही चालत. मोटर आत राहील, वाफ कोंडेल. लांब नळी आली की मोटर बाहेर ठेवून बघू, हवेचंही काहीतरी करू."

"कालची पोर तू! माझा जन्म गेला लॅकरात."

"तोवर हात लावणार नाही म्हणा."

"बरं बरं."

डॉक्टरांनाही तो असंच बरं बरं म्हणायचा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हे ठाऊक असूनही, दुकानातून नळी आल्याचा फोन आला तेव्हा ती त्याला एकटं सोडून गेली.

परत येताना नळीचं वेटोळं तिच्या खांद्यावर होतं. गल्लीच्या तोंडाशीच थिनरचा वास आला. रस्त्यावर इतका, तर आत किती? ती पळत सुटली. शेड रिकामी होती. परत आलेलं टेबलही जागेवर नव्हतं. मागच्या खोलीचं दार बंद, फटीतून चिंध्यांची टोकं बाहेर आणि आत मोटर घरघरत होती.

तिने दार बडवलं, हाका मारल्या. त्या घरघरीत बापाला काही ऐकू जाईना. त्याला फोन लावला तर फोन शेडमधल्या रंध्याशेजारी वाजला. दार फोडायला वेळ नव्हता. मोटरीत ठिणगी कधीही पडेल. मग तिला मीटर आठवलं. मीटर बाहेरच्या भिंतीवर होतं. तिने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

घरघर थांबली. वेळेवर पोचलो, या विचाराने तिला रडूच फुटलं. ती दाराकडे धावली.

"बाबा! आधी दार उघडा! बाहेर या!"

"कोण, तू आलीस?" बापाचा आवाज मास्कमधून जाड येत होता. "लाइट गेली गं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. कडी कुठाय तेच कळेना."

"चाचपडत या! काही लावू नका, बाबा, काही पेटवू नका!"

"काय म्हणतेस? कानात मोटर बसलीय नुसती. थांब, उघडतो."

आत काडेपेटी खुळखुळली. खिळ्यांची भोकं भरायची लाखेची कांडी वितळवायला ती कायम त्याच्या खिशात असायची. लेकीने दारावर अंग झोकून दिलं. घसा फाटेल अशी ओरडली. कडी जुनी होती, बापानेच बसवलेली, जागची हलली नाही.

आतून खर्र असा आवाज आला.

"सादळलीय ही," बाप म्हणाला. "थांब हं बाळा, दुसरी काढतो."