नाव नसलेले कुलूप

खट्! सकाळपासून मुक्या बसलेल्या घरात माझी कडी बंद झाली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. उघड्या दारावर लटकलेल्या मला दाबणारा हात घरधन्याचा नव्हता. त्याच्या थोरल्या भावाचा होता.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. मला कानशीने घासून घडवले ते या घराच्या धन्यानेच, कारण कुलपे करणे हा त्याचा धंदा. त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाचे कुलूप तयार झाले की त्यावर मालकाचे नाव ठोकायचे. "उद्या भांडण नको," म्हणायचा. माझ्यावर मात्र काहीच ठोकले नाही. बायकोने विचारले तर हसला. "घरच्या कुलपाला कसलं नाव? आपलं घर कुणाचं, ते काय आपल्याला माहीत नाही?"

मी इमानाने दार राखले. भट्टीचा भाता ओढायची ती त्याची बायको, म्हणजे आमची बाई, गिऱ्हाईक सांभाळायची तीच, आणि मला तेल घालायचीही तीच. मग धनी अचानक गेला. मृत्युपत्र राहूनच गेले.

"वहिनी, किल्ली द्या," थोरला म्हणाला. "मृत्युपत्र नाही, म्हणजे घर आमच्या रक्ताचं. तुम्ही पोरीला, चिमीला घेऊन माहेरी सुखात राहा."

सुखात! माझे पितळ तापले. मित्रांनो, चोर मी पाहिले आहेत. पण चपला बाहेर काढून, चहा पिऊन घर लुटणारा हा पहिलाच.

बाईलाही वाटत होते, कागद नाही म्हणजे हक्क नाही. तिने किल्ली पुढे केली. तेवढ्यात नणंदेने तिचे मनगट धरले.

"थांब वहिनी! दादा, लाज विकून आलास का रे? मी वकिलाला विचारून आलेय. मृत्युपत्र नसलं की कायदा आधी बायको नि पोर बघतो. त्या दोघी असताना तुझा नंबरच लागत नाही. माझाही नाही."

"तू माझी बहीण की हिची?"

"जो गेला, त्याची."

बाईने मूठ आवळली. "भाऊजी, चहा झाला असेल तर निघा."

मित्रांनो, कुलपाला तेल जरूर घाला. पण कुलूप दार राखते, हक्क नाही. तो हयातीतच लिहून ठेवला, तर कुणी किल्ली मागायला येत नाही. थोरल्यावर माझा राग आहेच; मला घडवणाऱ्या त्या हसऱ्या हातावरही आहे.

संध्याकाळी चिमी मला फडक्याने पुसत होती. उलटेपालटे करून तिने माझी कोरी पाठ पाहिली.

"आई, बाबांनी सगळ्यांच्या कुलपांवर नावं ठोकली. मग आपल्या कुलपावर तुझं का नाही ठोकलं?"