खालची रेघ

डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या पोटाचा फोटो दाखवला तो मार्चमधला बुधवार होता. स्वादुपिंडात गाठ होती. "वजन कधीपासून उतरतंय?" त्यांनी विचारलं. मी खिशातून वही काढली. तारखेनिशी सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच हातानं.

इथे आयोवात, आमच्या गावच्या चर्चच्या तळघरात, दर मंगळवारी वजनाचा गट जमतो. वजन उतरवायला नव्हे, उतरवलेलं राखायला. आर्डिसनं बासष्ट पौंड उतरवले होते आणि सहा वर्षं राखले होते. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. खाल्लेलं लिहायचं. आलेखावर आपल्या राखायच्या वजनाच्या तीन पौंड वर तांबडी रेघ मारायची, आणि ती ओलांडली की त्याच दिवशी गटातल्या कुणाला तरी फोन करायचा. नवरा-बायको असतील तर एकाचा आकडा दुसऱ्यानं लिहायचा, म्हणजे लबाडी नको. आमचा आलेख फ्रिजच्या दारावर असे.

नोव्हेंबरात तिचे ठिपके खाली यायला लागले. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भरपूर जेवूनसुद्धा.

"काय गं, मला चोरून पळायला जातेस की काय?"

"तुझी बडबड ऐकून भूकच मरते," ती म्हणाली.

तळघरात टाळ्या पडल्या. गट चालवणारी मार्जीन म्हणाली, "बघा, ही सणासुदीत उतरवते, आणि तुम्ही लोणी सोडायला रडता." आर्डिस लाजली. मीही टाळ्या वाजवल्या. वरची रेघ आम्ही चांगली ठळक मारली होती. खाली रेघ कुणीच मारली नव्हती.

जूनमध्ये ती गेली.

सप्टेंबरात मी पुन्हा तळघरात गेलो. एकटा असलो की उभ्या उभ्या काहीही खातो, माझे सात पौंड वाढले होते. त्या दिवशी टाळ्या लाव्हॉनला पडल्या. ती शाळेची बस चालवते. दोन महिन्यांत चौदा पौंड उतरले होते.

"वेंडेल, तुझे हात कुठे गेले?" मार्जीन मला म्हणाली.

बाहेर गाडीपाशी मी लाव्हॉनला विचारलं, "जेवण कमी केलंस का?"

"छे रे, तीच तर गंमत. काहीच केलं नाही. लेकीच्या लग्नात हवा तो ड्रेस घालणार आहे मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "असा चेहरा करू नकोस. आज तरी नको."

मी म्हणालो, "सांभाळून चालव."

ते अकरा दिवसांपूर्वी. तिला कदाचित काहीच झालेलं नसेल. लग्न पंधरवड्यावर आहे. गटाच्या फोन नंबरांची यादी फ्रिजवर आहे, तिचा नंबर तिसरा. काल मी माझ्या आलेखावर खालची रेघ मारली, पट्टी लावून. मला त्या रेघेची गरज नाही, माझे ठिपके वरच चाललेत.

दोनदा फोन उचलला आणि ठेवला. लाव्हॉनला अजून सांगितलेलं नाही.