हँडल धरणारे हात

मित्रांनो, मी मोटारसायकलचा एक जुना स्टँड आहे. पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकलेला, गंजलेला, दोन शिंगांचा लोखंडी सांगाडा दिसला, की तो मीच समजा. माझ्या एका शिंगावर कोळ्याने जाळे विणले आहे, दुसऱ्यावर फरशी पुसायचे फडके वाळत असते. पण कधीकाळी मी अख्ख्या गाडीचा भार पेलला आहे, बरं का!

माझा जन्म एका मोडक्या खाटेतून झाला. आमचा मालक वेल्डर. त्याच्या मोटारसायकलचा मधला स्टँड गंजून तुटला, तेव्हा त्याने त्या खाटेच्या लोखंडी नळ्या कापल्या, वाकवल्या आणि ठिणग्यांच्या उजेडात सांधल्या. गाडीला ओरखडा नको म्हणून माझ्या शिंगांवर जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळले. मग बायकोला हाक मारली, "अगं, बघ तरी! तुझ्या माहेरच्या खाटेचं सोनं केलं."

तिने पदराने हात पुसत मला निरखले. "सोनं कसलं, बोकड दिसतोय नुसता!"

झाले. त्या दिवसापासून मी घरचा बोकड.

माझे काम साधे. शिंगे मागच्या चाकाच्या दोन्ही दांड्यांखाली सरकवायची, मागे निघालेली माझी लांब लोखंडी शेपटी पायाने दाबायची, की चाक अधांतरी. मग साखळी रॉकेलने धुवा, तेल घाला, चाक गरगर फिरवा. पण माझ्यात एक उणीव आहे. मी गाडी उचलतो, तोल मात्र सांभाळू शकत नाही. चाक जमीन सोडते त्या क्षणी गाडी कुठेही कलंडू शकते. तेव्हा पुढे हँडल धरायला माणूसच लागतो.

ते हात मालकिणीचे होते. मालक म्हणायचा, "धर." ती म्हणायची, "धरलंय." ते ऐकल्याशिवाय त्याचा पाय माझ्या शेपटीवर पडत नसे.

"नीट धरलंय ना?"

"धरलंय हो! लग्नात धरलेला हात सोडला नाही, हे हँडल कशाला सोडेन?"

चाक फिरायचे आणि ती गुणगुणायची,

एकल्यानं उचलू नये भरल्या घागरीचं ओझं,
अर्धं असू दे तुझं, सख्या, अर्धं असू दे माझं.

मग एका हिवाळ्यात तिने अंथरूण धरले. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही.

मालक अबोल झाला. लेक रुग्णालयात नर्स होती. ती म्हणायची, "बाबा, साखळीचं काम काढलंत तर मला हाक मारा. मी धरते."

"तू दिवसभर उभी असतेस. दोरी आहे की."

"दोरीला डोळे असतात का, बाबा?"

तो हसून विषय टाळायचा. खरे सांगू? लेकीच्या पायांची त्याला काळजी होती, पण त्याहून मोठे एक कारण होते. त्या हँडलवर बायकोच्या जागी दुसरे हात त्याला सोसवत नव्हते. म्हणून तो हँडल दोरीने खिडकीच्या गजांना आवळून बांधायचा. काम व्हायचे. पण शेडमध्ये आवाज उरला नव्हता. दोरी काही 'धरलंय' म्हणत नाही.

त्या सकाळी लेक कामावर गेल्यावर त्याने माझी शिंगे दांड्यांखाली सरकवली. दोरी खुंटीवरच होती. तो माझ्या शेपटीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "धर."

बायकोला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच तो थांबला. आणि त्याने पायाने शेपटी दाबली.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर! गाडी उचलली गेली, पळभर ताठ उभी राहिली आणि उजवीकडे झुकली. तिला सावरायला तो त्याच बाजूला धावला. गाडी त्याला घेऊनच खाली आली. त्याचा पाय इंजिनाखाली चिरडला. शेजारच्या रेडिओवर गाणी झाली, बातम्या झाल्या, पुन्हा गाणी लागली. त्याच्या हाका त्यात बुडून गेल्या.

लेक घरी आली तेव्हा ऊन शेडमधून निघून गेले होते. तिने शेजाऱ्यांना ओरडून बोलावले, त्यांनी गाडी उचलली. बापाचे डोके मांडीवर घेऊन तिने विचारले, "दोरी का नाही बांधलीत, बाबा?"

तो म्हणाला, "मी 'धर' म्हणालो होतो गं."



गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना वाचवता आला नाही. लेकीने मला लाथेने कोपऱ्यात ढकलले. "या बोकडानंच घात केला!"

"त्याला बोलू नकोस," मालक घरातल्या खाटेवरून म्हणाला. "त्यानं त्याचं काम केलं. धरायला मीच कुणाला ठेवलं नाही."

गाडी विकायचे ठरले. घेणारा यायच्या दिवशी मालक कुबड्या टेकत शेडमध्ये आला. "मळक्या साखळीनं तिला या घरातून जाऊ द्यायचं नाही." तो गाडीपुढे स्टुलावर बसला. लेकीने मला काढले, जागेवर सरकवले, शेपटीवर पाय ठेवला.

"धरा, बाबा."

त्याने दोन्ही हातांनी हँडल पकडले.  पण 'धरलंय' हे उत्तर त्या शेडमध्ये आजवर एकाच माणसाने दिले होते.

"तुम्ही म्हणाल्याशिवाय मी दाबणार नाही," लेक म्हणाली. "आईनं म्हटल्याशिवाय तुम्ही दाबायचात का?"

हँडलवरची मूठ आवळत तो म्हणाला, "धरलंय."

चाक जमिनीवरून उठले. साखळी लख्ख झाली. संध्याकाळी गाडी गेली आणि मी इथे भिंतीला लागलो.

मित्रांनो, माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत. जमले तर मला तेलाचा हात लावा, नाही लावलात तरी रुसणार नाही. पण कुठलेही ओझे उचलण्याआधी 'धर' म्हणाल, तेव्हा उत्तर येईपर्यंत थांबा. आणि उत्तर देणारे माणूस घरात उरले नसेल, तर दाराबाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी हाक मारा.