पूर्वार्ध तरसालीत, उत्तरार्ध घडियाळी पोळेत

खट्. लोखंडी कपाटाची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. साड्यांच्या तळाशी हात घालून शिवांगीने मला बाहेर काढलं. नऊ वर्षांनी उजेड पाहिला, मित्रांनो.

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे, म्हणजे, निम्मी. राणीच्या काळातल्या विलायतेची गोष्ट मी सांगते. दोन जिवलग मित्र, एकाच्या घरचा पैसा, दुसऱ्याचं आपल्या माणसांशी इमान. दोनशे चाळिसाव्या पानावर माझं वाक्य मध्येच तुटतं. उरलेलं वाक्य माझ्या दुसऱ्या अर्ध्याकडे आहे.

जन्मले तेव्हा मी अख्खी होते, पाठीवर सोनेरी अक्षरं होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शिवांगी आणि तिची मैत्रीण अवंती यांनी मला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वर्गणी काढून घेतलं. परीक्षेला नऊ दिवस आणि पुस्तक एकच. घडियाळी पोळ या जुन्या शहरातल्या गल्लीत अवंतीचं घर होतं, तिथे तिने भाजीची सुरी आणली.

"पाप लागेल गं," शिवांगी म्हणाली.

"नापास झालो तर जास्त लागेल. धर नीट."

दुखलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढं प्रेम माझ्यावर मी अख्खी असताना कुणी केलं नव्हतं. रोज संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून आपापला भाग एकमेकींना सांगत. परीक्षा संपल्यावर शिवांगी डिंक घेऊन आली, तर अवंतीने तो बाजूला सारला. "राहू दे ने. लग्न होऊन कुठेही गेलो तरी उरलेलं मागायला यावं लागेल."

शिवांगीचा थोरला भाऊ समरजित मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या भागात लेथ मशीन टाकणार होता. अवंतीच्या वडिलांनी, गुणवंतकाकांनी, निवृत्तीच्या पैशांतून त्याला दोन लाख दिले. "मुली बहिणींसारख्या, कागद कसला करायचा?" असं म्हणाले. पुढे धंदा बुडाला. समरजित म्हणे, पैसे रोख परत केले. काका म्हणत, मिळाले नाहीत. अवंती शिवांगीच्या घरी विचारायला आली तेव्हा मी टेबलावरच होते.

"शिवू, तू सांग. तुला काय वाटतं?"

"माझा दादा खोटं बोलत नाही."

"मग माझे बाबा बोलतात," अवंती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

लग्नानंतर शिवांगीबरोबर मी तरसालीला तिच्या सासरी आले आणि साड्यांखाली गेले. तिथल्या अंधारात मला एकच ओढ होती. तिकडच्या पानांना कसर तर लागली नसेल? त्यांनाही आपलं वाक्य अर्ध्यातून सुरू होतं याचं वाईट वाटत असेल का? मित्रांनो, पुस्तक फाटलं तर त्याच आठवड्यात चिकटवा. वर्षं गेली की कडा झिजतात, मग पान पानाला नीट बसत नाही.

आज मला बाहेर काढलं त्याला कारण मोबाइलवरचा निरोप. शिवांगीने तो पुन्हा हळू आवाजात वाचला. "बाबा गेले. पोळेतलं घर विकलं, रविवारी मी कॅनडाला निघते. पुस्तकाचा उरलेला भाग इथे आहे. येतेस?"

तिची सात वर्षांची अहल्या मला उलटंपालटं करून पाहत होती. "आई, हे अर्धंच का गं?"

शिवांगीने तिला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. सुरी, ओटा, काका, मामा, काही वगळलं नाही. सांगता सांगता तिने मोबाइल उचलला. 'येते' एवढं लिहूनही झालं.

अहल्याने माझी कापलेली कड बोटाने चाचपली. मग तिने विचारलं, "आणि मामाने पैसे खरंच दिले होते?"

निरोप पाठवायला निघालेला शिवांगीचा अंगठा काचेवर तसाच थांबला.