झाकलेली पाटी

चालण्याला व्यायाम म्हणतात हे देवकीला पन्नाशीनंतर कळलं. तोवर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चिखल्याच्या आसपासचे पाडे हिंडणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. मग तिच्या लेकाने, हार्दिकने, टेम्पो घेतला. मासळी परस्पर डहाणूच्या बाजारात जाऊ लागली आणि देवकीने जी खुर्ची धरली ती सोडलीच नाही. चार वर्षांत शुगर वाढली, गुडघे कुरकुरू लागले.

"मावशी, गोळीच्या जोडीला चालणंही हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. दमलात तर थांबा, पण सोडू नका."

हार्दिकने पांढरेशुभ्र बूट आणले आणि देवकीची पंचाईत झाली. तिकडे डहाणू शहरात, मसोलीतल्या बायका बूट घालून खुशाल फिरतात. पण चिखल्यात धडधाकट बाई सकाळीच रिकाम्या हाताने हिंडू लागली, की लोक म्हणणार, हिला कामधंदा नाही. नुसत्या विचारानेच तिला लाज वाटली. तिने जुनी पाटी काढली, आत बूट ठेवले, वर फडकं टाकलं आणि निघाली. पाड्याचं वळण ओलांडून सुरूच्या बनात शिरली की बूट पायात, परतताना पुन्हा पाटीत. कोणाची बिशाद होती विचारायची!

दुसऱ्याच दिवशी वळणावर लाडकी भेटली, पाड्यातलं तिचं जुनं गिऱ्हाईक. हातात ताट.

"बाय, मुशी हाय का?"

"संपली गो," देवकी बोलून गेली.

मग रोज तेच. दहाची वीस मिनिटं झाली, विसाचा अर्धा तास. शुगर उतरली, रात्रीची झोप लागू लागली. लाडकी मात्र दिवसेंदिवस लवकर येऊन उभी राहू लागली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देतात, हे तीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं थोडंच! तरी ती सांगत राहिली, संपली.

एक दिवस लाडकीने ताट पदराआड घेतलं.

"सून बाळतीण हाय म्हणून येत होते. आमाला नाय द्यायची तर तसं सांग. आता बाजार मिळाला तुमाला, आमचा पाडा कशाला पायजे?"

देवकीची कानशिलं तापली. तिने पाटी उतरवली, फडकं काढलं. लाडकी बुटांकडे बघत राहिली.

"चालायला जाते गो. डॉक्टरणीने सांगितलंय. लोक हसतील म्हणून..."

लाडकी हसली नाही. हसली असती तर देवकीला बरं वाटलं असतं.

"येवढंच होतं तर बोलायचं ना," एवढं म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी देवकी घरातूनच बूट घालून निघाली. पाटीत ताजी मुशी होती. "काय गो, शर्यतीला चाललीस?" नाक्यावरच्या पुष्पाने चिडवलंच. चिडवो बापडी. वळणावर मात्र कोणी उभं नव्हतं. देवकी पाड्याचा चढ चढून लाडकीच्या दारात गेली. चढताना धाप लागली नाही, पण हाक मारायला तोंड उघडेना. आत बाळ रडत होतं.

लाडकी बाहेर आली. पाटीवरचं फडकं तिने स्वतःच उचललं.

"आज संपली नाय?"

लाडकीने आतून ताट आणलं, तशी देवकीने मान खाली घातली आणि सगळ्यांत मोठी मुशी काढून त्यात ठेवली.