हळदीकुंकवाच्या चोचीला गोडे पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक तळे मनात आणा. एका बाजूला मातीचा लांब बांध, बांधापलीकडे तिवरांचे रान आणि खाडी. दुसऱ्या बाजूला, दूरवर, खारघरचे उंच टॉवर. मधल्या पाण्यातल्या लव्हाळ्यातून एक तपकिरी पक्षी हळूच बाहेर येतो. अंगावर खवल्यांसारखी नक्षी, पाय शेंदरी. चोच मात्र काळी. तिचे टोक कोणी हळदीत बुडवलेले, आणि मुळाशी, कपाळाला लागून, कुंकवाची दोन बोटे टेकवलेली. दिसला? आता डोळे उघडा. ती मी. मी या तळ्यातली एक जुनी रहिवासी आहे. जातीने हळदीकुंकू बदक, आणि सहा पिल्लांची आई.

माझ्या नावाचा मला अभिमान आहे. इंग्रजी पुस्तकांत माझ्या नावाचा अर्थ 'ठिपक्यांच्या चोचीचे बदक' एवढाच निघतो. हिंदी मुलखात मला गुगराल म्हणतात. पण ठिपके काय, चिखलाचेही पडतात. इथल्या माणसांनी माझ्या चोचीकडे पाहिले आणि त्यांना हळद आणि कुंकू आठवले, म्हणजे घरी आलेल्या बाईला मानाने लावायच्या दोन गोष्टी. यात एक गंमत आहे. तुमच्यात कुंकू बाया लावतात; आमच्यात नराचे कुंकू ठसठशीत आणि माझे फिकट. तरी नाव दोघांनाही तेच.

नावाचा हा अर्थ मी शिवाआजोबांच्या तोंडून ऐकला. ते बांधावर खुर्ची टाकून बसत. त्यांच्या घरची पूर्वी इथे भातशेती होती. आता शेत गेले, भाड्याच्या खोल्या आल्या, पण तळे राहिले आणि आजोबांची सवय राहिली. त्यांची नात राजेश्वरी, दहा वर्षांची, शाळा सुटली की त्यांच्याजवळ येई. घरी तिला राजी म्हणत.

"बघ, हळदीकुंकू लावून आलीय," आजोबा माझ्याकडे बोट करून म्हणाले होते. "अशी बाय दारात आली तर आदी काय करायचं?"

"पानी विचारायचं," राजी म्हणाली.

आजोबा हसले. त्यांनी तिला बांधातली उघाडी दाखवली. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेले एक भोक आणि त्यावर वरून टांगलेले लाकडी झापड. ओहोटीला तळ्यातले जादा पाणी झापड ढकलून खाडीत जाते. भरतीला खाडीचे पाणी बाहेरून रेटते, तेव्हा तेच झापड घट्ट बसते आणि खारे पाणी बाहेर राहते. कुलूप नाही, मोटार नाही. समुद्रच उघडतो आणि समुद्रच लावतो. ज्यांनी हे शोधले त्यांचे मला कौतुक वाटते. त्यांच्यामुळेच खाडीच्या अंगाला लागून आम्हाला गोडे पाणी मिळाले. आजोबा रोज त्या पाण्यात बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावत आणि थुंकून टाकत. पाणी गोडे आहे ना, याची ती परीक्षा. राजीही ती शिकली.

यंदा पावसाळा सरता सरता मी लव्हाळ्यात घरटे केले. माझ्या छातीची मऊ पिसे उपटून ते आतून मढवले आणि आठ अंडी घातली. साडेतीन आठवडे उबवली. आठही फुटली. दोन पिल्ले घारीने नेली. राहिलेल्या सहांना घेऊन मी पाण्यात फिरू लागले. राजी रोज बांधावरून मोजायची आणि आजोबांना आकडा सांगायची.

दसरा झाला आणि घरात धावपळ सुरू झाली. राजीची आत्या रंजिता, तिचे लग्न ठरले होते. होणाऱ्या सासरची माणसे कोजागिरीनंतरच्या रविवारी जेवायला येणार होती. या गावांत मानाच्या पाहुण्याला जिताडा वाढायचा अशी रीत आहे. जिताडा म्हणजे खाडीतला मोठा, चवदार मासा. राजीचे वडील रूपेश यांनी मनाशी ठरवले की जिताडा आपल्याच तळ्यातला हवा; बाजारातला तर कोणीही आणतो. त्यांनी पौर्णिमेच्या उधाणाच्या आधी उघाडीचे झापड उचलले आणि खाली ओंडका अडकवला. भरतीबरोबर मासे आत येतील, मग जाळे टाकायचे.

आजोबांनी त्यांना अडवले. पाऊस गेला आहे, आता खारे शिरले तर जूनपर्यंत गोडे पाणी कुठून आणशील, असे त्यांनी विचारले.

"बाबा, दोन दिवसांनी काय होतंय? तुमी उगाच टेन्शन घेता. रविवारी जेवनं झाली की काढतो," रूपेश म्हणाले.

रूपेश वाईट नाहीत. बहिणीच्या सासरी मान राहावा एवढेच त्यांना हवे होते. पण पूर्वी शेत होते तेव्हा खाऱ्या पाण्याने पीक जळायच्या भीतीने कोणी असे केले नसते. शेत गेले, तशी ती भीतीही गेली.

उधाण आले. पहिल्या भरतीला जिताडेही आले. दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याची चव बदलली. मला थोडे खारे चालते. पण कोवळ्या पिल्लांच्या अंगाला ते मीठ बाहेर टाकता येत नाही. तहान लागून ती पीत, आणि पिऊन त्यांची तहान वाढे. रविवारी सकाळी ती पाण्यात उतरेनात. काठावर चोची उघड्या टाकून बसली. दुसरे गोडे पाणी मला ठाऊक होते, पण ते मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि माझ्या पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. आणखी एक भरती आत आली असती, तर मला कोणीही 'आई' म्हटले नसते.

दुपारी राजी बांधावर आली. नव्या फ्रॉकवर होती. तिने मोजले, सहा. पण एकही हलत नव्हते. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले, थुंकली, आणि खुर्चीतल्या आजोबांकडे पाहिले. उघाडीला हात लावायचा नाही हे तिला पक्के ठाऊक होते. तिने शाळेची बाटली तळ्यात बुडवून भरली आणि ती घराकडे पळाली. आजोबाही तिच्यामागून गेले.

पुढचे मी पाहिले नाही. आजोबांनी नंतर बांधावर बसून कुणाला तरी सांगितले, तेव्हा ऐकले. पंगत बसली होती. जिताड्याचे कालवण वाढून झाले होते. राजीने वडिलांपुढे पेला ठेवला. त्यांनी न बघता घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"हे कसलं पानी?"

"तळ्यातलं हाय, पप्पा. बदकाची पोरं हेच पितात." ती थांबली. "पाहुन्यांना जिताडा, आनि हळदीकुंकवाच्या बायला खारं पानी?"

रंजिताचे होणारे सासरे दिवाळे गावचे, उभा जन्म खाडीत काढलेले. उघाडी उघडी ठेवलीय का, असे त्यांनी विचारले. रूपेश खाली पाहून हो म्हणाले.

"मंग उठा," ते पाहुणे म्हणाले. "भरती लागायला अर्धा तास हाय. कालवन काय पळून जात नाय."

दोघे उष्ट्या हातांनीच बांधावर आले. ओंडका फुगून घट्ट बसला होता. दोघांनी मिळून तो हलवला, आणि झापड धाडकन आपल्या जागी बसले. भरती आली ती बाहेरच राहिली. नंतरच्या ओहोट्यांत खारट पाणी निघून गेले. वरच्या कोपऱ्यात रूपेश आठ दिवस टँकरचे पाणी सोडत होते, तेही कोणी न सांगता.

मित्रांनो, आम्हाला पाव आणि बिस्किटे टाकू नका, आम्हाला ती नकोत. आमचे तळे तेवढे गोडे ठेवा, आणि जुन्या माणसांनी जे बांधून ठेवले आहे ते का बांधले, हे आधी त्यांना विचारा.

पण त्या संध्याकाळी टँकर अजून यायचे होते आणि माझी पिल्ले तहानलेलीच होती. राजी जेवायला गेली नाही. तिने नळाच्या पाण्याने घमेले भरले आणि दोन्ही हातांनी आणून काठावर, पिल्लांपासून थोडे दूर ठेवले. मी लव्हाळ्यातून पाहत होते. मी रानातली; माणूस टक लावून बघत असताना मी पिल्लांना पुढे आणणार नाही. ते तिला कसे कळले कोण जाणे. ती लांब जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. तिच्यासमोर आजोबांची खुर्ची होती, त्यांना मात्र आम्ही दिसत होतो.

मी बाहेर आले. एक पिल्लू धडपडत घमेल्यावर चढले आणि त्याने चोच बुडवली. आजोबांनी एक बोट वर केले. राजीने ते पाहिले, पण मान वळवली नाही. दोन बोटे. तीन. मग बराच वेळ काही नाही. मग चार, पाच.

सहावे बोट वर झाले तशी राजी उठली, आणि एकदाही मागे न बघता घराकडे निघाली, दुसरे घमेले आणायला.