जहीर मिस्त्रीचा उद्या

उमरखेडचा जहीर मिस्त्री गेल्या महिन्यात वारला, पण दुकानासमोर जमलेले लोक हसतहसतच त्याची आठवण काढत होते. फवारणीचे पंप दुरुस्त करावे तर त्यानंच, पण वेळेवर देईल तर शपथ! कधीही विचारा, उत्तर एकच, "उद्या या."

फुलसावंगीच्या घनश्यामनं तर या उद्याच्या नादात कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पोसली होती. आज पंप परत मागणं त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यानं अडखळत विषय काढलाच.

मिस्त्रीची बायको हुस्नाबी फणकारली, "जनमभर भांडली मी त्यायच्याशी. पंप तयार असून लोकायले खोटं कायले सांगता म्हणलं. त म्हणे, आजच देऊन टाकला त उद्या चहाले कोण येईन?"

घनश्यामला हसू फुटलं. म्हणजे त्या साऱ्या चकरा आपण चहासाठी मारल्या तर!

हुस्नाबीनं त्याच्या हातात कप दिला. त्याचा पंप मागच्या फळीवर पुसून चकचकीत ठेवलेला होता.

"मंग नेऊ का, भाभी?"

तिनं पंपाकडे पाहिलं, मग दारातल्या माणसांकडे.

"उद्या या," ती म्हणाली.